दोन भाषांची फिरती पत्रिका

माझं लग्न ठरलं तेव्हा मी बेंगळुरूच्या इंदिरानगरात एका स्टिकरच्या दुकानात कामाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गाड्यांच्या काचांवरची देवांची नावं, नंबरप्लेटा, दुकानांच्या दारांवरची अक्षरं असलं सगळं तिथं व्हायचं. मी कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची आणि शेजारचं कटिंग मशिन ती स्टिकरच्या कागदातून कापून काढायचं. पातं एवढंसं, पण कागद मागंपुढं सरकायला लागला की वळणावळणानं टर्र टर्र चालायचं. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. सकाळी आधी मशिनला उदबत्ती, मग देवाला, असा त्यांचा क्रम होता.

आमचं घर मूळचं बेळगावकडचं. बाबा नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. कन्नड त्यांना मराठीइतकीच यायची. मुलगा कन्नड घरातला, याला त्यांची हरकत नव्हती. हरकत निघाली ती पत्रिकेवरून.

"एकाच पत्रिकेत दोन्ही भाषा घालू," होणारे सासरे बैठकीत म्हणाले. बोलणं अर्थातच कन्नडमध्ये चाललं होतं. "वर कन्नड, खाली मराठी."

"मराठी वर," बाबा म्हणाले.

"लग्न बेंगळुरात आहे ना?"

"असेना का. मुलगी तर माझी आहे."

आईनं घाईघाईनं चिरोट्यांचं ताट पुढं केलं. कुणी हात लावला नाही. शेवटी सासरे म्हणाले, "मग दोन वेगळ्या छापू." बाबा लगेच "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले. दोघांचीही सुटका झाली, पण मला रडू यायला लागलं. दोन पत्रिका म्हणजे दोन वेगळी लग्नं, असं काहीतरी मनात आलं.

दोन दिवस कामात लक्ष लागेना. मग एका बेकरीची गोल पाटी कापत असताना मला शाळेतली पाढ्यांची चकती आठवली. पुठ्ठ्याला एक खिडकी, मागं फिरणारी चकती. फिरवली की पुढचा पाढा. तसंच केलं तर? चकतीच्या एका अर्ध्यात मराठी, दुसऱ्या अर्ध्यात कन्नड. खिडकीत एका वेळी एकच भाषा दिसेल. वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्नच उरणार नाही.

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मशिन स्टिकरचं आहे अम्मा, पुठ्ठ्याचं नाही." पण तेवढ्यात त्यांनी खुर्ची मशिनजवळ ओढलीही होती. पहिला जाड कागद रुळांतून घसरला. पात्यानं दुसऱ्याच्या चिंध्या केल्या. मग आम्ही कागद टाकाऊ स्टिकरच्या चिकट बाजूवर बसवला, वेग कमी केला आणि एकाच रेषेवरून पातं दोनदा फिरवलं. अण्णा मशिनला "स्वल्प निधान, स्वल्प निधान" म्हणत होते, जसं काही ते सावकाश चालायचं ऐकणारच होतं. चकती अलगद सुटून आली. मोठ्या बशीएवढी, काठ अगदी गुळगुळीत. मला ती कुणाला तरी लगेच दाखवावीशी वाटली, म्हणून चहावाल्याला दाखवली.

दोन्ही घरांना नमुना पटल्यावर कापलेल्या चकत्यांवर मजकूर छापून आणला आणि एका रविवारी दोन्ही घरं आमच्याकडं त्या खिडकीच्या पुठ्ठ्यांमागं जोडायला बसली. मधोमध बसवायला आईनं टिचबटणं आणली होती. ती ठोकायचं काम आई आणि सासूबाईंनी घेतलं. दोघींचं गप्पांत असं सूत जमलं की मधूनच बटणं उलटी बसायची.

बाबा तयार पत्रिका गठ्ठ्यात ठेवताना प्रत्येक चकती मराठीवर आणून ठेवत. सासरे तीच उचलून कन्नडवर फिरवत. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते. बराच वेळ हे चाललं. मग एक पत्रिका हातात असताना सासरे थांबले आणि हिंदीच्या आधारानं मराठी वाचायला लागले. "विवाह करण्याचे योजिले आहे. योजिले अंदरे एनु?"

"योजना केली आहे," बाबांनी कन्नडमध्ये अर्थ सांगितला.

"नुसती योजना? लग्न होईल याची ग्यारंटी नाही?"

 बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला. सासरे उठून पाणी घेऊन आले. त्यानंतर बाबांनी कन्नड बाजू मोठ्यानं वाचून दाखवली आणि शाबासकीची वाट बघत बसले. आईनं पुन्हा चिरोटे आणले. या वेळी ताट रिकामं झालं.

बेळगावच्या काकांचा फोन आला, "पोरांनी फिरवून फिरवून पत्रिका फाडली, मुहूर्त किती वाजता ते तरी सांग." लग्नात सगळे आधी पत्रिकेचं बोलत होते, मग साडीचं. मला जरा रागच आला होता.

लग्नानंतरही मी काही वर्षं त्या दुकानात होते. पुण्याहून नव्यानं आलेल्या एका बाईंनी ती पत्रिका कुणाकडं तरी पाहिली आणि बारशाचं कार्ड करून मागितलं. आम्ही फीत ओढली की पाळणा हलेल असं कार्ड केलं. दुकान आता नाही, अण्णाही गावी परतले. पण ती पाळण्याची कार्डं केली तो दिवस आठवला की ते डोळ्यांसमोर येतात. तयार झालेलं एकेक कार्ड हातात घेऊन फीत ओढताहेत, पाळणा हलतो का बघताहेत, आणि हलला की कार्ड खाली ठेवायच्या आधी आणखी एकदा ओढताहेत.