साहेब गोदावरी पोहून गेले त्याची गोष्ट

गेवराईच्या बंकटचा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. पण त्याचं नाव झालं ते गळ्यामुळं. माइक बंद पडला तरी पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी कान टवकारत. म्हणून उमापूरच्या भगवानराव वकिलांनी आपल्या पहिल्याच निवडणुकीत त्याला धरलं. पुढं साहेब दिल्लीत मंत्री झाले, तरी जिल्ह्यात सभा असली की आधी बंकट उठून त्यांचं 'जीवन व कार्य' सांगायचा.

आता खरं जीवन सांगायला वेळ तो किती लागतो? जन्म उमापूर, शिक्षण औरंगाबाद, मग वकिली, मग दिल्ली. झालं! आणि साहेब तर कायम उशिरा यायचे. एका सभेत लोक धोतरं झटकून उठायला लागले, गाडीचा पत्ता नव्हता, तेव्हा बंकटनं साहेबांना गोदावरीच्या पुरात उतरवलं. पुढच्या सभेत त्यांच्या खांद्यावर वासरू आलं. कापूस वेचणीला येईतो वासराची गाय झाली. लोक गपगार ऐकत. साहेबही ऐकत आणि मान डोलवत.

शहाण्णव सालच्या निवडणुकीत साहेब पडले. दारातल्या गाड्या ओसरल्या, दिल्लीचे फोन थांबले. नावाआधी 'माजी' लावणं बंकटच्या जिवावर यायचं. तो ते इतकं घाईनं गिळायचा की लोकांना वाटे, गड्याला उचकी लागली.

पुढच्या वर्षी उमापुरात साहेबांची एकसष्टी ठरली. पाहुण्यांसाठी थंड प्यायच्या कोलाचे क्रेट आले. बंकटनं बर्फात घालून बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या आणि ऐन कार्यक्रमाला त्याचा घसा पार बसला.

"आसू दे," साहेब म्हणाले. "माझं जीवन मीच सांगतो."

जन्म झाला, शाळा झाली, आणि साहेब थेट पुरात शिरले. "पाणी गळ्याला लागलं, खांद्यावर गाय हंबरत होती..." त्यांचे डोळे भरून आले.

पहिल्या रांगेतून त्यांची थोरली बहीण छबुबाई ताडकन उठली. "कावून खोटं बोलतो रे भगवान? तुला कुठं पोहता येतंय? हौदात पडलतास तर मीच वर काढलं!"

मंडप हसून आडवा झाला. साहेबांचा चेहरा उतरला. बंकट मदतीला उठला, पण तोंडातून नुसती हवा. तेवढ्यात मागून म्हातारा म्हाळू काठी टेकत उभा राहिला.

"आक्का, तुमी गप बसा. म्या काठावरून बघितलंय. गाय पांढरी व्हती."

"तू तवा कुठं व्हतास रं? लगीन झाल्यावर घरजावई म्हणून आलास गावात!" छबुबाई कडाडली.

"पांढरी न्हाई, तांबडी व्हती!" दुसऱ्या कोपऱ्यातून आरोळी आली. मग मंडपात पांढरे आणि तांबडे असे दोन पक्षच पडले. साहेब पोहले का, हे कुणी विचारीना. छबुबाई कपाळावर हात मारून बसली.

जेवणं उरकल्यावर साहेबांनी बंकटला गाडीपाशी बोलावलं. आता चांगली हजामत होणार, असं वाटून तो अंग चोरत गेला.

"बंकट, खरं सांग," साहेब हळूच म्हणाले. "मला पोहता येत न्हवतं? मला तर त्या पाण्याचा गारवा सुदिक आठवतोय."

दिल्ली गाजवलेला माणूस शाळकरी पोरासारखा उभा होता. बंकटला लई कसंतरी झालं.

"साहेब," तो जेमतेम फुटलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढी माणसं काय खोटं बोलत्याल?"

"तेच म्हणतो मी!" साहेब खुलले आणि गाडीत बसले. गाडी काही सुरू होईना. कार्यकर्ते केव्हाच पांगले होते; बंकटनं एकट्यानंच धक्का मारून ती बीडच्या वाटेला लावली.

घामाघूम होऊन तो परतला, तेव्हा पातेली घासायला गेली होती. छबुबाईनं मात्र त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

"गिळ आता," ती म्हणाली, आणि वर बुंदीची एक मूठ जास्तीच वाढली.