सोन्याच्या मातीचं घर

ते घर पाहिलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. जळगावच्या जुन्या वस्तीतलं, दगडी पायऱ्यांचं, वर लांबलचक गॅलरी. आणि त्या गॅलरीतून समोर थेट माझ्या जेठांचा दरवाजा.

जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. असोद्याच्या, म्हणजे गावाकडच्या घराची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडच्या खोल्या त्यांनी ठेवल्या आणि आम्हाला मागची खोली दिली. कपाशीवर फवारायची औषधं वर्षानुवर्षं त्याच खोलीत ठेवलेली होती. मी वासाचं बोलले तर म्हणाले, "वरून चुना मारा, की झालं." आम्ही मारला. वास चुन्यातूनही वर यायचा. माझा मुलगा तिथेच रांगला, आणि आज बाप झाला तरी खिशात श्वासाचा पंप घेऊन फिरतो. त्या खोलीमुळेच झालं असं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मला सांगता येतं.

पुढे जेठ जळगावात राहायला आले. मीही आले, केळीचे वेफर्स तळायला लागले. फैजपूरच्या केळीवाल्यांशी आणि तेलाच्या दुकानदारांशी भांडत भांडत स्वतःचा कारखाना उभा केला. आता जेठांच्या डोळ्यांसमोर गॅलरीत बसून चहा प्यायचा, एवढीच इच्छा राहिली होती. ती अशी समोर उभी होती, तीही विकाऊ!

घर एका म्हाताऱ्या सोनाराचं होतं. घराणं मूळचं धुळ्याकडचं. मी त्यांना आबा म्हणाले, ते मला अक्का म्हणाले, आणि सौदा सुरू झाला. सोबत सून होती, तिच्या कडेवर माझी रांगती नात.

मी नेहमीसारखी खोट काढत सुटले. छत गळतंय, जिना अरुंद आहे, मोरी आतल्या बाजूला आहे. आबा शेवटी पायाने फरशी ठोकून म्हणाले, "अक्का, आठे सोनानी जमीन शे."

मला वाटलं, इथली जमीन सोन्याची म्हणत म्हातारा उगाच भाव चढवतोय. पण ते खरंच सांगत होते. त्यांच्या आजोबांपासून दागिने याच फरशीवर बसून घडवले गेले. दरवर्षी झारेकरी येत, म्हणजे सोनारांकडची माती धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं. ते इथला केर विकत नेत, बाहेरच्या गटारातला गाळही नेत. फरशी मात्र कधी कोणी उकरली नाही. फटींत मुरलेलं सोनं घरासोबतच जाणार, म्हणून किंमत कमी होणार नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मागच्या खोलीत गेले. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या वाफेने खिडकीचे गज खाऊन बारीक झाले होते. भिंत कमरेपर्यंत हिरवट काळी. परत येऊन मी विचारलं, "आबा, सोनं फटींत मुरलं, मग सोनं वेगळं करायला वापरलेला पारा कुठे गेला? तेजाब कुठे गेलं? ते कोणी विकत नेलं?"

आबा हसले. "तू सोनारनी पोर शे का, अक्का?"

मी त्यांना सोडलं नाही. सोनं धरून ठेवणारी फरशी पाराही धरून ठेवणार. जळगावचा मे महिना तापला की तो वाफ होऊन वर येणार. फरशी उकरायची, खालची माती काढायची, भिंती खरवडायच्या, हे सगळं कोणाच्या खर्चाने? आणि ती माती टाकायची कुठे, जेठांच्या दारात? शेवटचं मी मनातच म्हणाले. माझ्या प्रत्येक प्रश्नाला आबांची किंमत एक पायरी खाली येत होती आणि माझा आवाज एक पायरी वर जात होता. अखेर मी ठरवून आले होते त्याच्याही खाली ते उतरले. आयुष्यात इतका मोठा सौदा मी मारला नव्हता. हात पुढे करायचाच बाकी होता.

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आई, हिला खाली कुठे सोडायचं?"

नात खाली उतरायला केव्हाची धडपडत होती, पण सुनेने एकदाही तिला जमिनीवर टेकवलं नव्हतं.

"वरून चांगली टाइल टाकून घेऊ, की झालं," मी म्हणाले.

बोलले आणि माझ्याच कानांना चटका बसला. शब्द माझे नव्हते. आवाजही मला जेठांचाच वाटला, तोच घाई असलेला, दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलणारा. किंमत पाडायला जो पारा मला खरा वाटला होता, तो सौदा जमताच खोटा कसा होईल?

मी हात पुढे केलाच नाही. आबांना वाटलं, अजून पाडायची आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी आणखी पाडली! दगडी पायऱ्या उतरताना तोंडून होकार निसटू नये म्हणून मला अक्षरशः ओठ चावावे लागले.

पुढचं घर शहराबाहेर मिळालं. किमतीआधी मी विचारलं, इथे आधी काय होतं? उघडं माळरान, असं शेजाऱ्यांनीही सांगितलं. भिंती, पाणी, रंग, सगळं विचारून झाल्यावर सुनेने नातीला खाली सोडलं, आणि ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी सुसाट रांगत गेली की मी भाव करायचंच विसरले. जवळजवळ विसरले.

गॅलरी इथेही आहे. समोर कोणी नाही. जेठांना माझ्यावर जळायचं असेल, तर रिक्षा करून यावं लागेल.