भास्कररावांच्या टाकीतले दगड

ताईंचा फोन सकाळी आला. "भाऊजी, हे गेले हो... झोपेतच." पुढं त्यांना बोलवेना. मी पडेगावहून गाडी काढतोय तोवर पुन्हा फोन. "येताना जावेदभाईकडून टाकीचं मीठ घेऊन या. आज पाणी बदलायचा वार हाय. ह्यांनी कालच सांगून ठेवलं होतं." जावेदभाईनं डोळे पुसत आपलं शोभेच्या माशांचं दुकान उघडून दिलं आणि माणूस गेलेल्या घरी मी मिठाची बादली घेऊन पोचलो. गावाकडून, पिशोरहून आलेल्या मंडळींत, हे मीठ नेमकं कोणत्या विधीला लागतं यावर हलक्या आवाजात चर्चा सुरू झाली. भास्करराव असते तर पोट धरून हसले असते.

भास्करराव माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिशोरच्या शेतकरी घरातले. नोकरी बँकेत, घर शहरात, गारखेड्यात. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, कोकणच्या सहलीत, आणि तिथून ते खूळ घेऊनच परतले. निवृत्तीनंतर हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची भलीमोठी टाकी आली. आत खडक, जिवंत प्रवाळ आणि रंगीत मासे. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, तिथं हे गृहस्थ फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवत बसायचे. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "दुनिया मीठ काढून पाणी पिती, अन् आमचे हे चांगल्या पाण्यात मीठ घालतेत."

मासा निवडायची त्यांची पद्धत मात्र पक्की बैलबाजारातली होती. बैल चालवून बघावा, चारा टाकून बघावा, श्वास बघावा आणि पहिल्याच बाजारी घेऊ नये, ही वडिलांची शिकवण त्यांनी जशीच्या तशी जावेदभाईच्या दुकानात नेली. काचेसमोर उकिडवे बसायचे. पोट खपाटीला गेलंय का, कल्ले भराभर हलतायत का, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, सगळं बघायचे. मग हुकूम, "आता याला जेवू घाल माझ्यासमोर." जेवला तरी घ्यायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे, तोवर तगला तर बोलणी. जावेदभाई कावायचा. "काका, मछली लेरे के बैल?" भास्करराव शांतपणे म्हणायचे, "परीक्षा दोन्हीची एकच हाय बाबा." घरी आणलेला मासाही थेट टाकीत जायचा नाही. त्याचा मुक्काम आधी न्हाणीघरातल्या निळ्या टबात, रोगराई नाही याची खात्री होईपर्यंत. एकदा माझी बायको तिथं आंघोळीला गेली आणि किंचाळत बाहेर आली. आत कोणीतरी टक लावून बघतंय म्हणाली.

या शिस्तीला एकदाच तडा गेला, तो विठ्ठलमुळे. विठ्ठल त्यांचा धाकटा भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांत कैक वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी विठ्ठलच एक दिवस नमतं घेऊन आला, हातात पिशवी आणि पिशवीत एक गर्द निळा मासा. "दादा, तुला आवडतंय म्हणून आणला." भावानं प्रेमानं आणलेला आहेर, त्याला टबात बसवणार कसं? पिशवीतलं पाणी टाकीच्या पाण्याशी जुळताच सोडला आत. दिसायला राजबिंडा आणि वागायला पाटील. कोपऱ्यातला एक दगड बळकावला आणि जो जवळ येईल त्याच्या शेपटीचा लचका. भास्करराव म्हणाले, "ह्यो मासा नाय, विठ्ठलच हाय." पण परत द्यायचा कसा? मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि टाकीतले सगळे दगड इकडचे तिकडे केले. निळोबा भांबावला. आपलं रान कुठलं हेच त्याला कळेना, आणि बऱ्यापैकी निवळला. तेव्हा विठ्ठल आलेलाच होता. भास्करराव त्याला म्हणाले, "आपल्या पिशोरात बांधाचा दगड हलवला की भांडण लागतं. इथं हलवला की मिटतं. जुन्यालाबी वाटतं, आपण नवंच हाय." दोघं भाऊ इतके हसले, की ताईंनी चहा पुन्हा गरम केला.

टाकीतले त्यांचे लाडके म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी. ताई त्यांना नवरा-नवरी म्हणायच्या. या जातीत मादी मोठी, नर लहान, आणि राज्य मादीचं. "मंग आपल्यात येगळं काय हाय?" असं भास्करराव ताईंकडं न बघता म्हणायचे. यंदा नवरा मेला. नवरी एकटीच फिरायची. भास्कररावांनी नव्या जोडीदाराचा शोध सुरू केला आणि स्थळांमागून स्थळं नाकारली. एक जेवेना, एक अंगानं नवरीएवढा. "नवा जोडीदार जुन्यापेक्षा दबता पायजे, साडूभाऊ. नायतर रोज मारामारी." शोध संपायच्या आधीच ते गेले...

तेरावं झाल्यावर सगळ्यांचं मत पडलं की टाकी विकून टाकावी. ज्या बाईनं टाकीचा एवढा उद्धार केला, ती आता काय म्हणणार होती? ताई म्हणाल्या, "आधी या नवरीचं बघू. एकटीला कुठं धाडता?"

मग मी आणि ताई जावेदभाईकडं गेलो. ताईंना गुडघ्यामुळं उकिडवं बसता येईना, त्यानं स्टूल दिलं. ताईंनी पदर सावरला आणि एका चिमुकल्या माशाकडं बोट केलं. "त्याला जेवू घाल माझ्यासमोर." जावेदभाई हसला नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, मासा तगला होता. टबातला मुक्काम झाला. सोडायच्या दिवशी ताईंनी टाकीत पहिल्यांदाच हात घातला आणि दगड हलवले. नवरीनं त्याला दोन-चार वेळा हुसकावलं, मग राहू दिलं.

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, टाकीसमोरची भास्कररावांची खुर्ची खिडकीशी गेली होती आणि दिवाणही दुसऱ्या भिंतीला. मी काही विचारायच्या आतच ताई म्हणाल्या, "दगड हलवून बघितले, भाऊजी. वाटलं, मलाबी नवं वाटंल."

परवा गेलो तर खुर्ची परत टाकीसमोर. "नवरी काचेला येऊन थांबायची हो," ताई म्हणाल्या, "खुर्ची होती तिथंच. लई वाट बघायची." आणि त्याच खुर्चीत बसल्या.