व्याह्यांच्या सात बैठका

बसावे कसे, हे शास्त्र पूर्णपणे अवगत झालेला एकच पुरुष साऱ्या वसई तालुक्यात आहे, आणि तो म्हणजे आमचे व्याही, माझ्या कन्येचे सासरे. गिरीजला त्यांची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी आहे. त्या वाडीत, विहिरीपासून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यापर्यंत, त्यांनी सात बैठका मांडून ठेवल्या आहेत. पहिली माडाचा ओंडका, दुसरी मांडववाला विसरून गेलेली लोखंडी खुर्ची, तिसरी पालथे पिंप, आणि अशाच क्रमाने सातवीपर्यंत. प्रत्येक बैठकीवर किती वेळ टेकायचे हे ठरलेले असते आणि त्यात ब्रह्मदेवालाही सवलत मिळत नाही. केळीचा व्यापारी भाव ठरवायला आला, तर त्याला लांबूनच सांगण्यात येते, "चौथीवर या. तिसरीवर मी बोलत नाही." तो बिचारा पिंपाला वळसा घालून पुढे जाऊन उभा राहतो.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत मात्र याच गृहस्थांना बसणे या क्रियेचा मनस्वी तिटकारा होता. आमच्या मुलीच्या लग्नात वधूपित्याच्या नम्रतेने मी त्यांच्यामागून खुर्ची घेऊन हिंडत होतो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मांडव सुटू लागला, तरी ते उभेच. "बसायला मला काय झालंय?" एवढेच त्यांचे उत्तर. शेवटी त्या खुर्चीवर मी बसलो. चालताना ते डावीकडे किंचित लवत आणि प्रत्येक पावलाला डावा तळहात मांडीवर दाबत. मला वाटे, मनात अखंड भजन चालू असावे आणि हात ताल धरत असावा. या तर्काचे मला कौतुकही होते. लंगडण्याचे कारण ते माणूस पाहून सांगत. मला सांगितले, जांभळावरून पडलो होतो. माझ्या मुलीला सांगितले, बैलाने उडवले. विहीणबाईंना स्वतःचे लग्न ठरताना सांगितले होते, नवी चप्पल चावते आहे. विहीणबाई पाहुण्यांना चहा देताना शांतपणे म्हणत, "त्रेचाळीस वर्षं झाली, ती अजून चावतेच आहे."

दर मंगळवारी ते वाडीतली एकवीस चाफ्याची फुले घेऊन गणपतीच्या देवळात येत, आणि नालासोपाऱ्याहून मीही तेथे जात असे. तीन वर्षांपूर्वी ही फुले उशिरा येऊ लागली. दुपार कलली की तेल संपलेल्या समईसारखे त्यांचे बळ एकाएकी सरे. भर वैशाखात डावा पाय गार पडे, म्हणून त्या एकाच पायात लोकरीचा मोजा घालून ते केळीच्या आळ्यांना पाणी सोडत. पुढे चांगला म्हणविणारा उजवा पायही दगा देऊ लागला. एके सकाळी मुलीचा फोन आला, "अण्णा, बाबा आज पुन्हा विहिरीपाशी पडले. म्हणतात, पडलो नाही, खाली काय उगवलंय ते बघत होतो." जावईबापू वाडी दुसऱ्याला कसायला देण्याच्या गोष्टी बोलू लागले. व्याह्यांना वाडीतून उठवणे म्हणजे माशाला बावखलातून काढून काठावर ठेवणे, हे घरात सर्वांनाच कळत होते.

एका वैद्याने सांगितले, वय झाले, चालणे वाढवा. तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण माझी सारी हयात पाठशाळेत उपदेश करण्यात गेली. मी त्यांना म्हणालो, "व्याही, देवासमोर रोज एकवीस प्रदक्षिणा घाला. पाय आपोआप बळकट होतील." सुनेच्या वडिलांचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, तो याही वेळी मोडला नाही. दोन महिने ते रोज मांडी दाबत गाभाऱ्याभोवती फिरले आणि रोज थोडे अधिक खचले. मी मात्र त्याला श्रद्धेची कसोटी समजत राहिलो. अखेर एका मंगळवारी चौदाव्या फेरीला त्यांचा गुडघा दुमडला. खांबाला धरून ते खाली बसले, फुले फरशीवर पसरली. मी धावत गेलो तर म्हणाले, "सात राहिल्या, गुरुजी."

मग मुलीने कोणालाच न विचारता विरारच्या एका वयोवृद्ध डॉक्टरीणबाईंकडे त्यांना नेले. विहीणबाई आणि मी बरोबर होतो. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि व्याह्यांच्या पँटकडे पाहिले.

"काका, ही डाव्या मांडीवरच का विरली आहे?"

व्याह्यांनी तळहाताने ती जागा झाकली. माझ्या तर्कातले ते भजन त्या क्षणी संपले. तो हात ताल धरत नव्हता, पाय सावरत होता.

"लहानपणी ताप येऊन पाय लुळा पडला होता का?"

व्याह्यांनी होकारार्थी मान हलवली. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, "ती चप्पल चावत नव्हती."

"ठाऊक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचा डावा पाय एक माप लहान. दर वेळी दोन जोड घेऊन एकेक चप्पल टाकून देत आले मी."

बाईंनी मग आम्हाला सावकाश समजावले. पोलिओने काही मज्जातंतू जातात. जे उरतात, ते गेलेल्यांचेही ओझे वर्षानुवर्षे उचलतात आणि उतारवयात थकतात. याची अशी एक खूण पटवणारी तपासणी नसते, म्हणून रक्ताच्या आणि नसांच्या चाचण्या करून आधी दुसरे आजार नाहीत ना, हे पाहावे लागते. घास अडकतो का, झोपेत श्वास कोंडतो का, हेही त्यांनी विचारून घेतले. चाचण्यांत दुसरे काही निघाले नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, "हा आजार समूळ जाणार नाही, पण सांभाळता येईल. पायाला हलका पट्टा, हातात काठी, अंगाला ऊब. व्यायाम इतकाच, की दुसऱ्या दिवशी त्याचा शीण उरू नये. कुठे भूल द्यायची वेळ आली, तर आधी पोलिओचं सांगायचं. आणि दमल्यावर नाही, दमण्याआधी बसायचं."

"त्या प्रदक्षिणा कोणी सांगितल्या होत्या?" मुलीने सांगितलेली हकीकत आठवून बाईंनी सहज विचारले.

व्याही तत्काळ म्हणाले, "देवळात पाटी आहे तशी."

आयुष्यभर स्वतःचा पाय झाकण्यासाठी त्यांनी कमावलेली ती विद्या त्या दिवशी माझ्यासाठी खर्ची पडली. एवढ्या मोठ्या मनाच्या घरात माझी मुलगी नांदते आहे, याबद्दल मी त्या रात्री देवाचे आभार मानले आणि दुसरे काहीही मागितले नाही.

सात बैठका त्यानंतरच्या. वाडी अजून त्यांच्याच हाती आहे, कामे मात्र तुकड्यातुकड्यांनी होतात, आणि जड घमेली जावईबापू उचलतात. साठ वर्षे लपवलेला पोलिओ ते आता सर्वांना सांगतात. दात काढायला गेले तेव्हा सांगितला ते योग्यच झाले, पण न्हाव्याला सांगण्याचे कारण मला कळले नाही. "त्याच्याही हातात वस्तरा असतो," असा त्यांचा खुलासा आहे.

देवळाचा सभामंडप ही त्यांची आठवी बैठक. मंगळवारी ते तेथे टेकतात आणि प्रदक्षिणा मी घालतो, त्यांच्या वाटणीच्या. हे प्रायश्चित्त आहे असे मी त्यांना सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. मोजणी त्यांच्याकडे असते. माझी एक फेरी झाली की परडीतले एक फूल ते तबकात ठेवतात. माझे गुडघेही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. परवा चौदावी फेरी संपवून मी खांबापाशी श्वास घेत होतो, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "एकवीस झाल्या, गुरुजी. या."

परडी रिकामी होती. पट्टा आल्यापासून मोकळा झालेला त्यांचा डावा हात मात्र पुन्हा मांडीवर होता, आणि बोटांच्या फटींतून चाफ्याच्या पिवळ्या पाकळ्या दिसत होत्या. संख्येच्या बाबतीत मी फार कडक मनुष्य आहे. पण त्या दिवशी उरलेल्या सातांचा हिशेब न मागता मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, दमण्याआधी.