डोंग्याची बैठक

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास, मानोऱ्याकडच्या एका नव्या तलावात उपकेंद्राच्या नर्सबाईंनी डोंगा घातला. डोंग्यात त्या एकट्या होत्या. वारा पश्चिमेचा होता. डोंगा सागवानी होता, एका माणसापुरता होता, आणि त्याला कोणत्याही कार्यालयाची मंजुरी नव्हती.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकाला मंगरूळपीरहून बातम्या पाठवत असे. वाशीम जिल्हा वेगळा व्हायचा होता. या तलावावर मी चार-पाच वेळा गेलो. पुढे सांगतो त्यातलं काही मी पाहिलेलं आहे. बाकीचं जे हजर होते त्यांच्याकडून, एकापेक्षा अधिक जणांना विचारून घेतलेलं आहे.

बाईंची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. कोणतीही नवी वस्तू पुढे आली की त्या आधी तिच्यावर बसत. उपकेंद्राला लोखंडी खाट आली तेव्हा सरपंच नारळ घेऊन उभे होते. बाई खाटेवर बसल्या, दोनदा कुशीवर वळल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "बाळंतीन इच्यावरून पडते." खाट परत गेली. वस्तूंचं जे, तेच सल्ल्यांचं. कोणी काही सुचवलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "तुमी बसून पाह्यलं काय?" बहुतेकांनी पाहिलेलं नसे.

वय तिशीचं. काठाची पांढरी साडी, पायांत रबरी चपला, खांद्याला कातडी पट्ट्याची पेटी. वडील शेतमजूर. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यांनी मुलीला शिकवायचं ठरवलं आणि नर्सिंगपर्यंत नेलं. बाई याबद्दल फारसं बोलत नसत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बापानं एक बैल कमी ठेवला, पोरगी शिकवली. लिहू नका हे." मी तेव्हा लिहिलं नाही.

तलाव दुष्काळी कामावर बांधलेला. आदल्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा भरला. आमच्या दैनिकात मथळा होता: 'तलाव तुडुंब, शेतकरी समाधानी'. बातमी माझीच होती. बातमीत जे नव्हतं ते असं, की गावातून पलीकडच्या तांड्यावर जाणारी अर्ध्या तासाची पाऊलवाट पाण्याखाली गेली होती. आता तांड्याला जायचं तर सात मैलांचा वळसा, आणि मध्ये नाला.

त्याच वर्षी भाद्रपदात तांड्याच्या नाईकाच्या थोरल्या सुनेला कळा लागल्या. बाईंना निरोप सकाळी मिळाला. नाल्याला पूर होता. पाणी उतरेपर्यंत त्या काठावर उभ्या राहिल्या आणि पोहोचल्या तेव्हा दुपार उलटली होती. मूल आडवं होतं. आई गेली, मूलही गेलं. ही बातमी तिसऱ्या पानावर चार ओळींत आली.

फाल्गुनात नाईक उपकेंद्रावर आला. धाकट्या सुनेला दिवस गेले होते. हिशेब श्रावणाचा निघत होता.

"बाई, औंदा कसं?"

"औंदा मी पान्यावरून येतो."

"पान्यावरून? कायच्यानं?"

"तेच पाहून राह्यली मी."

पाहायला फारसं काही नव्हतं. या मुलखात बैलगाडी कशी असावी यावर कोणीही तासभर बोलेल. डोंग्याबद्दल बोलणारा एकच माणूस होता, अडाण नदीकडून मासेमारीसाठी आलेला भोई. त्याचा डोंगा चपट्या बुडाचा, परातीसारखा. वैशाखात एका दुपारी बाई त्यात बसल्या. काठाजवळ डोंगा घरच्या ओट्यासारखा स्थिर होता. मध्यावर वारा लागला. नदीत लाट येते ती लांब येते, पुढे निघून जाते. तलावातली लाट आखूड. एक उतरते न उतरते तोच दुसरी उठते. चपटं बूड प्रत्येक लाटेवर थापटी मारल्यासारखं आपटत होतं आणि पाणी आत येत होतं. बाई परतल्या तेव्हा कमरेपर्यंत भिजलेल्या होत्या. पेटीतला कापूस पिळावा लागला.

भोयाला वाईट वाटलं. "नदीत असं नाई होत, बाई. नदीले मालूम राहते कुठं जायचं. हे पानी नुसतं उठबस करून राह्यलं."

"मंग मले पेटी कोरडी कशी नेता येईन?"

"उन्हं उतरल्यावर जा. वारा पडते."

"कळा वारा पाहून येते काय, भाऊ?"

भोयाने वल्हं पुसलं. त्यानेच पुढे बाईंना ते मारायला शिकवलं, महिनाभर, सकाळच्या वेळी.

गावात सुतार एक. वखर, तिफन, गाडीची चाकं हा त्याचा धंदा. बाई त्याच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "डोंगा पाह्यजे. पन त्याचं बूड..."

सुताराने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "ते नाव घेऊ नका, बाई."

"कोनतं?"

"तेच. पान्यात जायच्या वस्तूले कोनी 'बूड' म्हनते काय? तुमी रोज म्हनसान बूड, बूड. एक दिवस ऐकलं त्यानं तं?"

"मंग काय म्हनू? तळ?"

"तळ? तो तं बुडाल्यावर गाठते."

बराच विचार झाला. शेवटी 'बैठक' हा शब्द ठरला. चाकाची बैठक असते, घराची असते, तशी डोंग्याची. सुताराचं समाधान झालं. बाईंना शब्दाशी देणंघेणं नव्हतं, पण ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याचा शब्द वापरावा, असं त्यांना वाटलं असावं. ज्येष्ठात त्यांनी वरच्या कार्यालयाला अर्ज केला. त्याची नक्कल मी पाहिली आहे. विषय: 'तांड्यावर जाण्यासाठी एकमाणशी डोंगा व त्याच्या बैठकीस मंजुरी मिळणेबाबत.'

पंधरा दिवसांत उत्तर आलं. इतक्या लवकर त्या कार्यालयाचं उत्तर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. 'आपली विनंती मान्य. बैठक आषाढ महिन्यात घेण्यात येईल.'

बैठक झाली. मी हजर होतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत वरच्या कार्यालयाचे साहेब, तलावाच्या कामावरचे ओव्हरसियर, सरपंच, ग्रामसेवक आणि दोन सदस्य बसले. खुर्च्या सहा होत्या, माणसं सहा होती. बाई दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना बसा म्हटल्याची नोंद माझ्या वहीत नाही.

साहेबांनी कागद पाहिला. "विषय क्रमांक एक, डोंग्याची बैठक. ठीक. बैठक तर सुरू झाली. आता विषय काय?"

"साहेब, बैठक हाच विषय हाये," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंच आहे. पण बैठकीत ठरवायचं काय?"

"बैठक."

ग्रामसेवकाने अर्ज पुन्हा मोठ्याने वाचला. मग बाईंनी हाताची ओंजळ आधी पसरून, मग टोकदार करून दाखवली, तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं. "म्हणजे डोंग्याचं बूड!" बाहेर ओट्यावर बसलेल्या सुताराने कानांवर हात ठेवले.

चर्चा पाऊण तास चालली. टोकदार बूड पाणी कापतं पण कलतं, असं ओव्हरसियर म्हणाले. चपटं बूड स्थिर असतं आणि सरकारी वस्तू स्थिर असावी, असं साहेब म्हणाले. सरपंचांच्या मते दोन्हीपेक्षा रस्ता बरा.

"तुमच्यापैकी कोनी बसून पाह्यलं काय?" बाईंनी विचारलं.

कोणी पाहिलं नव्हतं. चपट्या बुडाचा डोंगा मागवावा असा ठराव झाला. खरेदी होईपर्यंत कोणीही खाजगी डोंगा सरकारी कामासाठी वापरू नये, अशी त्याला ओव्हरसियरांनी पुरवणी जोडली. चहा झाला. नाईकाच्या सुनेला तेव्हा आठवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी बाई सुताराकडे गेल्या आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तीन डोंगे करायला सांगितले. प्रत्येक चपलेएवढा. पहिल्याचं बूड चपटं. दुसऱ्याचं टोकापासून टोकापर्यंत धारदार. तिसरा कसा करायचा ते ठरत नव्हतं, म्हणून ते लाकूड तसंच ठेवलं. पहिल्या दोहोंत त्यांनी पेनिसिलिनची एकेक रिकामी बाटली उभी ठेवली, सुतळी बांधली आणि दुपारच्या वाऱ्यात बांधाच्या कडेने ओढत चालल्या. गुराख्यांनी गुरं सोडून हा खेळ पाहिला.

"बाई, नवरा-नवरीचं लगन लावून राह्यल्या काय?"

"हो. तुमी वऱ्हाडी. उभे राहा."

चपट्यातली बाटली तिसऱ्या लाटेला उडाली. धारदार डोंग्याने लाटा कापल्या, पण एका बाजूला कलला आणि बाटली आडवी झाली. बाईंनी दोन्ही तीन-तीनदा ओढले. निकाल बदलला नाही.

बाई सुताराच्या दारात बसून राहिल्या. समोर दुरुस्तीला आलेली अवजारं पडली होती. सुतारच बोलला, असं तो सांगतो. बाई म्हणत, की बोलल्या त्या. वाक्याबद्दल दोघांचं एकमत होतं: "समोर नांगर, मांगं वखर."

नांगर फाळाने जमीन चिरतो. वखर सपाट पासेवर, म्हणजे आडव्या लोखंडी पात्यावर, बसून चालतो. तिसऱ्या लाकडाचं नाक सुताराने फाळासारखं तासलं, मध्यापासून ती धार हळूहळू मोडत नेली आणि मागचा भाग वखरासारखा सपाट ठेवला. बाटली डुलली, पण पडली नाही. सहा वेळा नाही.

मोठ्या डोंग्याचं लाकूड तांड्याने दिलं. तलावाखाली गेलेल्या वस्तीतली सागाची दारं नाईकाने पाणी भरण्याआधी काढून ठेवली होती. फटींना लागणारं डांबर सडकेच्या कामावरच्या मुकादमाने दिलं. आषाढ सरता सरता डोंगा पाण्यावर आला. बाई आत बसल्या, डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या. कडेवरून थोडं पाणी आत आलं. "मांगून अजून चार बोटं रुंद कर," त्या म्हणाल्या. सुताराने मागची फळी उखडली. त्याने तोंडातल्या तोंडात काय म्हटलं ते बाईंनी ऐकलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "मले नाई, लाटेले शिव्या दे."

श्रावणातल्या त्या सोमवारी तांड्याच्या टेकाडावर बांबूला लाल ओढणी चढली. ठरलेली खूण तीच होती. मी बांधावर होतो. सांडव्याची बातमी घ्यायला आलो होतो. बाई पेटी घेऊन आल्या. मेणकापडात गुंडाळलेली पेटी त्यांनी पायांशी बांधली. ओव्हरसियर धावत आले.

"बाई, ठराव विसरल्या काय? खाजगी डोंगा वापरता येत नाही. काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्हाला पोहता येतं का?"

"नाई."

"मग?"

"मंग मले 'बुडू नका' म्हना, भाऊ. तेवढंच म्हना."

डोंगा चिखलात रुतला होता तो ओव्हरसियरांनीच ढकलला. हे मी पाहिलं. त्यांनी नंतर ते नाकारलं.

मध्यावर लाटा पांढऱ्या झाल्या. डोंग्याचं नाक वर जात होतं, खाली येत होतं. दोनदा तो दिसेनासा झाला. सुतार माझ्या शेजारी उभा होता. तो सबंध वेळ बाईंकडे न पाहता डोंग्याच्या नाकाकडे पाहत होता. "कापून राह्यला," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "कापून राह्यला." पंचवीस मिनिटांनी डोंगा पलीकडे लागला. बाईंनी उतरून दोन्ही हातांनी पेटी डोक्यावर धरली. कोरडी, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. तो बरोबर होता.

दिवस मावळायच्या आत नाईकाच्या धाकट्या सुनेला मुलगी झाली. याही वेळी मूल आडवंच होतं. बाईंनी ते फिरवलं. आई आणि मुलगी दोघी जगल्या. मी दीड स्तंभ लिहून पाठवला. त्या दिवशी जागा नव्हती. बातमी आली नाही.

बाईंना खुलासा मागवणारं पत्र आलं. विनापरवाना डोंगा सरकारी कामासाठी का वापरला, असं त्यात विचारलं होतं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: 'बसून पाहिला होता.' आश्विनात रिसोडकडच्या एका गावी बदलीचा हुकूम आला. हुकुमात कारण दिलेलं नव्हतं. बदल्यांच्या हुकुमात ते देत नाहीत. त्या एस.टी.ने गेल्या. निरोपाला नाईक, कुशीत नात घेऊन त्याची बायको, सुतार आणि भोई होते. सुताराने त्यांना पोळपाट दिला. बाईंनी तो उलटा करून त्याची बैठक पाहिली आणि त्या हसल्या.

मंजूर झालेला चपट्या बुडाचा डोंगा हिवाळ्यात आला. तो मिळाल्याच्या पावतीवर ओव्हरसियरांची सही आहे. नर्सची जागा पुढच्या पावसाळ्यातही भरली नव्हती.

उपकेंद्राची बाळंतपणांची वही मी त्यानंतर पाहिली. त्या श्रावणापासून बदलीपर्यंत तांड्यावरच्या चार नोंदी बाईंच्या अक्षरात आहेत. प्रत्येक नोंदीपुढे, छापील रकाने संपतात तिथे, त्यांनी हाताने दोन रकाने आखले होते: निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ. पाचवी नोंद पुढच्या आषाढातली, शिपायाच्या अक्षरात आहे. तिच्यापुढच्या दोन्ही रकान्यांत आडवी रेघ आहे.