दात तारेने बांधले होते तेव्हा

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर माफ करा. चौथीनंतर पेन हातात फारसं आलंच नाही. पण कुणाच्या घरी असं झालं तर घाबरू नये, म्हणून लिहिते.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "मॅन्डिबल फ्रॅक्चर." म्हणजे खालचा जबडा मोडला. चामटोली गावाजवळ आमच्या ह्यांची बाईक घसरली होती. चेहरा इतका सुजला होता की मी ह्यांना शर्टावरून ओळखलं.

ऑपरेशन करून हाडाला प्लेट लावली. मग वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. ह्याला वायरिंग म्हणतात. हाड जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खाणं सगळं पातळ, गाळून, स्ट्रॉने.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी तार कापायचा कटर जवळ ठेवायला सांगितला. "उलटी झाली तर आधी पुढे वाकवा. श्वास अडकला तरच तार कापा. उगाच कापलीत तर जबडा वाकडा जुळेल."

मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. तिथे कटर दोरीने गळ्यात अडकवतो, तसाच हाही अडकवला. हे बंद दातांतून म्हणाले, "दुसरं मंगळसूत्र!"

ऑपरेशनला पैसे आमच्या कारखान्याच्या सिंधी शेठनी उसने दिले होते. ते भेटायला आले ते पापडाचा पुडा घेऊन. त्यांच्यात पाहुण्याला पापड-पाणी लागतंच. ह्यांचं तोंड बघून ओशाळले. "अरे, मैं भी क्या लेके आया!" ह्यांचे डोळे हसले.

सासूबाईंनी एकदा मायेने पेजेत भरपूर तूप घातलं. "पोराला ताकद नको का?" थोड्या वेळात ह्यांना उलटी आली. हे घाबरून माझ्या गळ्यातला कटर ओढू लागले. माझा हातही तिकडेच गेला, रोजची सवय. पण डॉक्टरबाईंचे शब्द आठवले. मी ह्यांना पुढे वाकवलं, तोंड माझ्या मांडीवर घेतलं, पाठ चोळत राहिले. दातांच्या फटींतून सगळं बाहेर आलं. श्वास मोकळा झाला. तार तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पेज स्वतः फडक्यातून दोनदा गाळली.

तारा काढल्या तेव्हा तोंड जेमतेम बोटभर उघडलं. व्यायामाने हळूहळू सुटलं. जबडा सरळ जुळला होता.

उसन्यातले शेवटचे पैसे द्यायला हे स्वतः कारखान्यात आले. शेठनी पैशांना हात लावला नाही. समोर पापड ठेवला. "पहले ये खाके दिखा."

ह्यांनी पापड तोंडात घातला. कडकन आवाज आला. आम्ही सगळ्या बायका हसलो.

मग शेठनी पैसे गल्ल्यात टाकले. "हो गया पूरा."