यादीवाले अप्पा

नंदुरबारच्या आमच्या मिरची संघात अध्यक्षांच्या पेनड्राइव्हला नाही म्हणणारा एकच माणूस होता, सर्व्हर सांभाळणारे अप्पा. त्यांनी एक यादी केली होती. तिच्यातले नऊ प्रोग्राम सर्व्हरवर चालत, बाकीचे उंबऱ्यावरच अडत. "वळख नई, त्याले घरमा काबर लेवानं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

एका हुशार कारकुनाने पत्त्यांच्या खेळाला वजनकाट्याच्या प्रोग्रामचं नाव देऊन पाहिलं. खेळ काही सुरू होईना, कारण अप्पांची यादी नाव नव्हे, फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा तपासत असे. "नाव बदलीसन काय व्हस?" म्हणत त्यांनी चहा मागवला. तो हुशार कारकून मीच. अप्पांनी मला हाताखाली घेतलं आणि पोटच्या पोरासारखं शिकवलं.

आमच्याकडे यादी म्हणजे लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेली मानाची नावं. सर्व्हरची यादी आहे म्हटल्यावर अध्यक्ष तरातरा आले.

"यादीमा मन्हं नाव काबर नई?"

"साहेब, हाई मानसेस्नी नई, प्रोग्रामस्नी यादी शे."

"मंग मन्हा जवाईना प्रोग्राम टाक!"

जावयाने मिरचीची आवक मोजायला काहीतरी बनवलं होतं. आधी दुसऱ्या मशिनवर तपासून बघतो, असं अप्पा म्हणाले. जावयाची तपासणी! घरी बायको अंथरुणाला खिळलेली असताना अप्पांची बदली अक्कलकुव्याच्या गोदामावर झाली.

यादी बंद करायचा हुकूम मला मिळाला. मी मुकाट्याने बंद केली. दोन दिवसांत जावयाच्या पेनड्राइव्हमधून शिरलेल्या कशाने तरी वजनांच्या सगळ्या फाइलींना कुलूप ठोकलं. आवारात मिरचीच्या गाड्या खोळंबल्या, आणि कुणाची मिरची किती भरली हे कुणालाच सांगता येईना. फोन केल्यावर अप्पा पहिल्या बसने आले. त्यांनी वेगळी जपून ठेवलेली प्रत काढली, सर्व्हर उभा केला, यादी पुन्हा लावली. मग नेहमीसारखा चहा मागवला, माझ्यासाठीही. त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात सत्कार झाला, अध्यक्षांचा! संकटकाळी सर्व्हर वाचवल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि लांबलचक भाषणं. अप्पांची बदली रद्द करावी, चूक आमची होती, असा अर्ज लिहून मी खिशात ठेवला होता. अध्यक्ष चार हातांवर बसले होते. मी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत अप्पाही वाजवत होते. कार्यक्रम संपायच्या आत ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल भो, मन्ही अक्कलकुवानी गाडी शे."

मी त्यांना थांबवलं नाही. मलाही नंदुरबारातच राहायचं होतं.